नागस्वर सनईपेक्षा वेगळा कसा, आणि कर्नाटक संगीतात त्याचे स्थान कोणते?

माटुंग्यातल्या एका तमिळ लग्नाला गेलेल्या एका संगीतप्रेमी गृहस्थांनी मला काही प्रश्न विचारले आहेत. तेथे वाजत असलेले सनईसारखे, पण बरेच लांब आणि फार मोठ्या आवाजाचे वाद्य कोणते? सनईहून त्याचे वेगळेपण कशात आहे? मंगळसूत्र बांधण्याच्या क्षणी सगळे वादक एकदम इतक्या जोराने का वाजवू लागतात? मंगलप्रसंग बाजूला ठेवला, तर निव्वळ रागसंगीत म्हणून बसून ऐकावे असे त्यात काही आहे का, आणि सनई वाजवणाऱ्याला ते शिकता येईल का? माझे बालपण सनईच्या घरात गेले आणि नागस्वर मी पुढे कावेरीकाठच्या गुरूंकडे शिकलो. आज मी दोन्ही वाद्ये शिकवतो, त्यामुळे या प्रश्नांना हात घालण्याचे धाडस करतो.

वाद्याचे नाव नागस्वरम्. नादस्वरम् हे नावही तितकेच रूढ आहे. मी मराठीत सोयीसाठी नागस्वर असे लिहितो. रागसंगीत म्हणून त्यात ऐकण्यासारखे काय आहे, याचे उत्तर मात्र आधीच देतो, कारण बाकी सगळी उत्तरे त्यावर उभी आहेत. कर्नाटक संगीतात राग विस्ताराने मांडण्याची जी कला आज मुख्यतः गायकांच्या नावावर जमा आहे, तिची फार मोठी घडण नागस्वरवादकांच्या हातून झाली, आणि ती सभागृहात नव्हे, तर देवळाभोवतीच्या रस्त्यांवर, उत्सवमूर्तीपुढे चालत झाली. ‘मंगलवाद्य’ हे बिरुद खरे आहे, सन्मानाचेही आहे. पण त्या बिरुदामुळे ऐकणाऱ्याचे लक्ष प्रसंगाकडे जाते आणि रागाकडे जात नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

आता वाद्याकडे वळू. सनईप्रमाणेच नागस्वर हे दुहेरी पत्तीचे वाद्य आहे आणि त्याची नळी आतून वर निमुळती, खाली रुंद होत जाणारी असते. लाकडी नळीला तमिळमध्ये उळवु म्हणतात. ती आच्चा नावाच्या वृक्षाच्या लाकडातून कोरतात. आपल्याकडे खानदेशात आणि विदर्भात ज्याला अंजन म्हणतात, तोच हा वृक्ष. लाकूड अतिशय जड, घट्ट आणि टिकाऊ असते. ताजे लाकूड कारागीर वापरत नाहीत. जुनी घरे पाडताना निघालेल्या, अनेक दशके सुकून स्थिर झालेल्या तुळया आणि खांब ते शोधून आणतात, कारण ओलसर लाकूड कोरल्यानंतर किंचितही वळले तरी स्वरांची जागा बिघडते. खालचे फुलासारखे पसरट तोंड, म्हणजे अणसु, बहुधा शिरीषाच्या लाकडाचे असते. सनईचे तोंड सहसा धातूचे असते, आणि दोघांच्या आवाजाच्या पोतात जो फरक जाणवतो त्याचे एक कारण येथे आहे. कुंभकोणम्‌जवळचे नरसिंगमपेट्टै हे गाव या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथील नागस्वराला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आळवार तिरुनगरीच्या देवळात तर दगडातून कोरलेला नागस्वर जतन केलेला आहे.

नळीवर बोटांसाठी सात छिद्रे असतात. त्यांच्या खाली आणखी पाच छिद्रे असतात, ज्यांवर बोट ठेवायचे नसते; ती मेणाने कमी-अधिक बुजवून वाद्याचा स्वर जुळवला जातो. नळी शंकूच्या आकाराची असल्यामुळे फुंकेचा दाब वाढवला की त्याच बोटांनी वरचे सप्तक निघते, आणि असे करत सुमारे अडीच सप्तकांचा पल्ला हाती येतो. बासरीवर कोमल-तीव्र स्वर किंवा त्यांमधल्या श्रुती काढताना वादक छिद्र अर्धवट उघडतो. नागस्वरावर हे काम प्रामुख्याने ओठांच्या पकडीने आणि श्वासाच्या दाबाने होते. म्हणजे बोट एकाच जागी असताना स्वर वर-खाली सरकवायचा, तोही नेमका तेवढाच, आणि कर्नाटक संगीताचा प्राण असलेला गमक, म्हणजे स्वराचे डोलते वळण, त्यातून निर्माण करायचा. या वाद्यावर चांगला गमक निघतो तेव्हा तो गळ्यातून निघाल्यासारखा वाटतो, याचे कारण हेच आहे. चुकीच्या हाती हेच वाद्य बेसूर वाटण्याचे कारणही हेच आहे.

पत्तीला सीवाळी म्हणतात. कावेरीच्या काठी वाढणाऱ्या एका वेताच्या जातीच्या गवतापासून ती बनते, आणि तिरुवावडुतुरै या गावातील पत्ती बनवणाऱ्यांची ख्याती मोठी आहे. गवत बराच काळ वाळवून, मऊ करून, दाबून चपटे करतात आणि केंडै नावाच्या छोट्या धातूच्या नळीवर दोऱ्याने बांधतात. वाद्याच्या तोंडापाशी पत्त्यांचा एक झुबका आणि एक बारीक सुई लोंबकळताना आपण पाहिली असेल. ती शोभा नव्हे. पत्ती ओली होते, फुगते, हवा कोरडी असली की आखडते, आणि चालू रागात ती बदलण्याची वेळ येऊ शकते. सुईने तिचे तोंड साफ करायचे आणि किंचित उघडायचे. माझ्या मते नागस्वरवादकाची निम्मी विद्या पत्ती ओळखण्यात असते. कोणती पत्ती सकाळच्या मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, आलापाला चालेल आणि कोणती रस्त्यावरच्या वरच्या सप्तकाला टिकेल, हे ओठांना कळावे लागते आणि ते दुसऱ्याला सांगून शिकवता येत नाही.

नागस्वराचे दोन मुख्य प्रकार आहेत. तिमिरी आखूड, सुमारे दोन फुटांचा आणि चढ्या स्वराचा. बारी त्याहून लांब, अडीच फुटांपासून पुढे, आणि खालच्या स्वराचा. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचे तर आज मैफलीत ऐकू येणारा बारी बहुधा पांढरी दोन किंवा काळी दोनच्या आसपास असतो. जुना प्रघात तिमिरीचा होता. त्या काळच्या वाद्यात शुद्ध मध्यम सहजासहजी जागेवर लागत नसे आणि वादकाला तो ओठांनी ओढून आणावा लागे. नरसिंगमपेट्टैचे कारागीर रंगनाथन आचारी यांनी थोर वादक टी. एन. राजरत्नम पिळ्ळै यांच्या सहकार्याने बारीची अशी रचना सिद्ध केली की शुद्ध मध्यम नेमका लागू लागला. हा बदल लहान वाटेल, पण तोडी, शंकराभरणम् यांसारखे शुद्ध मध्यमाचे मोठे राग सावकाश, मंद्रात उतरून, तासन्‌तास वाजवणे त्यामुळे पुष्कळ सुकर झाले. आज बारीच सर्वत्र वापरात आहे.

नागस्वर एकटा वाजत नाही. पूर्ण ताफ्याला पेरिय मेळम् म्हणतात. त्यात बहुधा दोन नागस्वर असतात, सोबत तविल हे फणसाच्या लाकडाचे पोटफुगीर तालवाद्य, झांजेसारखा ताळम्, आणि आधारस्वर धरणारा ओट्टु. ओट्टु म्हणजे बोटांची छिद्रे नसलेला लांब नागस्वरच. आपल्याकडे सनईच्या जोडीला सूर धरणारा असतो तेच काम तो करतो, आणि त्याच्या वादकाला गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत स्वर अखंड चालू ठेवावा लागतो. आता बहुतेक ठिकाणी त्याची जागा श्रुतीपेटीने घेतली आहे. तविलच्या डाव्या तोंडावर आखूड, जाड काठी पडते आणि उजव्या तोंडावर बोटांत घातलेल्या कडक टोप्यांनी वाजवतात. मृदंगम्‌च्या तुलनेत त्याचा आवाज उघडा आणि टणक असतो, पण लयीचे गणित तितकेच सूक्ष्म असते. नीडामंगलम मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांच्यासारख्या तविलवादकांनी त्या गणिताला जी उंची दिली ती संपूर्ण कर्नाटक तालपरंपरेत आदराने सांगितली जाते.

आता देवळाकडे येऊ, कारण या वाद्याचे खरे घर तेथे आहे. महाराष्ट्रात सनई-चौघडा मुख्यतः नगारखान्यात, म्हणजे दरवाजावरच्या माडीत बसून वाजतो. ठरलेल्या वेळी तो देवाच्या दारात असल्याची ग्वाही देतो. तमिळ देवळातला नागस्वर देवाबरोबर चालतो. पहाटे गाभारा उघडण्यापासून रात्री देव शयनगृहात जाईपर्यंत प्रत्येक उपचाराला त्याचे वादन ठरलेले असते, आणि त्या त्या वेळेचे रागही परंपरेने सांगितलेले असतात: पहाटे भूपाळम्, सकाळी मलयमारुतम् किंवा बिलहरी, दुपारी मध्यमावती, सांजवेळी पूर्वीकल्याणी, आणि देवाला झोपवताना नीलांबरी. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला रागांचे हे समयचक्र ओळखीचे वाटेल. कर्नाटक संगीताच्या आजच्या सभागृहातील मैफलीत रागाची वेळ फारशी पाळली जात नाही. ती पाळण्याची रीत मुख्यतः देवळातल्या नागस्वराने जपली.

उत्सवमूर्ती देवळातून बाहेर पडते तेव्हा प्रथम तविल वाजतो आणि मग मल्लारी सुरू होते. मल्लारी ही शब्द नसलेली रचना आहे, गंभीर नाट्टै या रागात बांधलेली. सा, ग, म, प, नी हे पाचच स्वर, तेही सगळे शुद्ध. त्यामुळे रागाला एक सरळ, उभे, राजस रूप येते. तीच स्वरवाक्ये एकदा विलंबित, मग दुप्पट, मग चौपट गतीत, पुढे तिस्र, म्हणजे तिपटीच्या, गतीत वाजवली जातात, आणि मूळ ताल मात्र ढळत नाही. रथोत्सवाची मल्लारी निराळी, नैवेद्य नेतानाची निराळी, तीर्थाचे पाणी आणतानाची निराळी. जाणकार माणूस रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला घरात बसूनही, देवळात या क्षणी काय चालले आहे हे मल्लारीवरून सांगू शकतो. मला स्वतःला मल्लारी शिकताना जी शिस्त लागली ती दुसऱ्या कोणत्याही रचनेने लावली नाही. शब्दाचा आधार नाही, भावनेची सूट नाही, फक्त स्वर आणि लय यांची सचोटी.

मल्लारी संपली, मूर्ती देवळाच्या बाहेर येऊन चार रस्त्यांच्या प्रदक्षिणेला लागली, की मग रागालापन सुरू होते, आणि माझ्या दृष्टीने नागस्वराचे सर्वांत मोठे देणे येथे आहे. पालखी सावकाश चालते, ठिकठिकाणी थांबते, घराघरांतून आरत्या होतात, आणि मोठ्या उत्सवांत ही मिरवणूक रात्रभर चाललेली असते. वादकाला तो सगळा वेळ भरायचा असतो. कृतींचा, म्हणजे बांधलेल्या गीतांचा, साठा कितीही असला तरी तो पुरत नाही. म्हणून एकेका रागाचा विस्तार करणे भाग पडते. एक वादक तोडी सुरू करतो, मंद्रात हळूहळू फिरतो, दुसरा ते वाक्य उचलतो आणि पुढे नेतो, एक श्वास घेत असतो तेव्हा दुसरा वाजवत असतो, आणि पुढच्या कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत राग गांधारावरच थांबलेला असतो. दोन अडीच तास एकच राग, त्यातही पुनरुक्ती नाही, असे वादन ऐकलेली पिढी कावेरीकाठी कालपरवापर्यंत होती. गावातले शेतकरी, व्यापारी, मुले, स्त्रिया दारात उभे राहून हे ऐकत. तिकीट नव्हते, आमंत्रण नव्हते, त्यामुळे रागाची समज समाजात फार खोलवर पोहोचली. मोकळ्या आकाशाखाली, चालता चालता, गर्दीच्या वर आवाज पोहोचवायचा, म्हणून हे वाद्य इतके मोठ्या आवाजाचे आहे. माटुंग्याच्या बंद हॉलमध्ये ते कानांवर आदळले असेल तर दोष वाद्याचा नाही, जागेचा आहे.

सभागृहातल्या गायकांनी हे वैभव डोळसपणे उचलले. सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांच्या आलापीत नागस्वराच्या लांब, वळणदार वाक्यांचा प्रभाव आहे हे कर्नाटक संगीताचे अभ्यासक मान्य करतात, आणि जी. एन. बालसुब्रमण्यम यांच्या वेगवान संचारांतही राजरत्नम पिळ्ळै यांच्या वादनाची छाया ऐकू येते. नागस्वराची आणखी एक खास मिरास म्हणजे रक्ती: सात मात्रांच्या चालीतली, शब्दांशिवायची लयबद्ध स्वररचना, जी सेंपोन्नारकोविल घराण्याने विशेष जतन केली. गायकांकडे तिचे प्रतिरूप नाही, आणि आज ती फार थोड्या वादकांकडे उरली आहे.

देवळातील या वादनाची पद्धत ठरवण्याचा मान परंपरेने तिरुवारूरला दिला जातो. थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे वडील रामस्वामी दीक्षितर यांनी तिथल्या त्यागराजस्वामींच्या, म्हणजे शिवाच्या, देवळात नागस्वरवादनाची रीत लावून दिली, असे मानतात. हंसध्वनी रागाचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. याच तिरुवारूरशी मराठी माणसाचा एक खरा धागा आहे. तंजावरचे भोसले राजे शहाजी यांनी, ज्यांचा काळ १६८४ ते १७१२, याच देवाच्या पालखीसेवेवर ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ हे तेलुगू संगीतनाट्य रचले. म्हणजे ज्या मिरवणुकीत नागस्वराचा राग फुलला, त्या मिरवणुकीवर एका मराठी राजाने तेलुगूत रचना केली आणि ती तमिळ देशातील देवळात गायली गेली. तंजावरच्या संगीताचे हे त्रिभाषी रूप आपल्याकडे फार कमी सांगितले जाते, याची मला खंत वाटते.

विसाव्या शतकात या वाद्याला मैफलीच्या मंचावर मानाने बसवण्याचे काम टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८ ते १९५६) यांनी केले. लहानपणी ते गाणे शिकले होते, आणि त्यांच्या आलापीत ते शेवटपर्यंत जाणवत राहिले. पेरिय मेळम् वाजवणारा इसै वेळ्ळाळर समाज विद्येने श्रेष्ठ असूनही प्रतिष्ठितांपुढे उभे राहून, उपरणे कमरेला बांधून वाजवण्याची सक्ती सोसत होता. राजरत्नम यांनी ती जुमानली नाही. गायकांच्या बरोबरीने मंचावर बसणे, ओट्टुच्या जागी तंबोरा घेणे, आपल्या अटींवर वाजवणे हे त्यांनी आग्रहाने केले, आणि तो आग्रह त्यांच्या तोडीने सिद्ध करून दाखवला. कर्नाटक तोडी म्हणजे आपली तोडी नव्हे. तिचे स्वर आपल्या भैरवीचे, पण गमकांमुळे रूप सर्वस्वी निराळे. तिरुवावडुतुरै मठाच्या मंडळींबरोबर ते ऑगस्ट १९४७ मध्ये दिल्लीला गेले आणि स्वातंत्र्याच्या प्रसंगी तेथे त्यांचे वादन झाले. उत्तरेत बिस्मिल्ला खाँ यांनी सनईसाठी जे केले, ते दक्षिणेत राजरत्नम यांनी नागस्वरासाठी केले, असे म्हणणे मला रास्त वाटते.

त्यांचे शिष्य कारुकुरिची अरुणाचलम (१९२१ ते १९६४) यांच्या वादनात गोडवा अधिक होता, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी त्यांच्यापासूनच सुरुवात करायला सांगतो. तिरुवीळिमिळलै बंधू कृतींच्या शुद्ध पाठासाठी ओळखले जात. आंध्रातून येऊन श्रीरंगम्‌ला स्थायिक झालेले शेख चिन्ना मौलाना (१९२४ ते १९९९) मुस्लिम घरातले होते आणि १९९८ मध्ये मद्रास संगीत अकादमीचा संगीत कलानिधी हा सन्मान त्यांना मिळाला. त्यांच्याच परंपरेतील शेख महबूब सुभानी आणि कालीशाबी महबूब या दांपत्याला २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. आंध्रात पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम घराणी रामाच्या आणि विष्णूच्या देवळांत हे वाद्य वाजवत आली आहेत, आणि तेथील लोकांना त्यात काही विशेष घडते आहे असे वाटत नाही. स्त्रियांना या क्षेत्रात वाट करून देणाऱ्या मदुरैच्या एम. एस. पोन्नुत्ताई यांचे नावही घेतलेच पाहिजे.

लग्नातल्या त्या क्षणाविषयी आता थोडक्यात. मंगळसूत्र बांधण्याची वेळ आली की पुरोहित किंवा घरातील वडीलधारे ‘गेट्टि मेळम्’ असा पुकारा करतात, आणि तविल व नागस्वर पूर्ण जोरात, जलद लयीत सुरू होतात. शिंक, रडे, एखादा अशुभ शब्द त्या क्षणी कोणाच्या कानी पडू नये, हा त्यामागचा भाव. आपल्या मंगलाष्टकांत वाजंत्र्यांना गलबला न करण्याची सूचना असते आणि शेवटच्या अक्षतांबरोबर त्यांना मोकळीक मिळते. तिथे नेमका तोच क्षण नादाने झाकायचा असतो. पण खरे ऐकायचे असेल तर आदल्या संध्याकाळच्या वरातीला, जानवासम्‌ला जावे, कारण तिथे वादकाला वेळ असतो आणि चांगला वादक त्यात एखादा राग नीट मांडतो.

परिस्थिती चांगली नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. देवळांनी वादकांना दिलेल्या जमिनी आणि धान्य यांवर उभी असलेली व्यवस्था विसाव्या शतकात मोडली. आरतीच्या वेळी विजेवर चालणारी ढोल-घंटेची यंत्रे आली, जी आता महाराष्ट्रातल्या देवळांतही दिसतात. कदरी गोपालनाथ यांनी सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत अतिशय समर्थपणे आणले, त्यांचे वडील स्वतः नागस्वरवादक होते. पण त्यांच्यामागून किनारी कर्नाटकात आणि इतरत्र अनेक लग्नांत सॅक्सोफोनने नागस्वराची जागा घेतली. मी सॅक्सोफोनला दोष देत नाही. मला दुःख आहे ते मल्लारी आणि रक्ती यांचे, कारण त्या दुसऱ्या वाद्यावर गेल्या तरी त्यांना चालायला रस्ता राहात नाही. तिरुपती देवस्थानाची नागस्वर आणि डोलूची (तविलचेच तेलुगू नाव) शाळा, पळनी देवस्थानाची शाळा, तमिळनाडूतील शासकीय संगीत महाविद्यालये येथे शिक्षण चालू आहे, आणि मुले शिकतही आहेत.

सनई वाजवणाऱ्याला नागस्वर शिकता येईल का, या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, पण सनईचे काही संस्कार बाजूला ठेवावे लागतात. सनईतली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे, ओठ आणि बोट यांच्या संगनमताने, सरकत्या बोटांनी निघते. नागस्वरावर बोट स्पष्ट उचलायचे आणि ठेवायचे असते, वळण श्वासाने द्यायचे असते. फुंकीच्या तीन रीती वेगवेगळ्या साधाव्या लागतात: जिभेने स्वर तोडत जाणारा तुत्तुकारम्, गळ्यातून आल्यासारखा सलग अकारम्, आणि जीभ न लावता बोटांच्या आघाताने स्वर वेगळे करणारी विरलडी. नवशिक्याला तुत्तुकारम् लवकर येतो आणि तो त्यातच रमतो. गुरू त्याला अकाराकडे ओढत राहतात, आणि ते योग्यच आहे. सुरुवात बारीवरच करावी, फक्त षड्ज, पंचम आणि वरचा षड्ज, श्रुतीपेटीला कान लावून, एका मऊ पत्तीवर. कडक पत्तीने आवाज मोठा निघतो, पण ओठ लवकर दुखावतात आणि श्रुती चाचपडण्याची संधी जाते. गाणे सोबत शिकावे, कारण कृतीचे शब्द मनात नसतील तर श्वास कुठे तोडायचा हे कळत नाही. बंद खोलीत सराव करू नये. गच्ची, माळ, नदीकाठ, मोकळी जागा शोधावी. दहा पावलांवरून स्वतःचा स्वर परत ऐकू येत नाही अशा जागी वाजवू लागल्यावरच फुंक किती द्यायची याचा अंदाज येतो.